तुदोरच्या आईची खुर्ची

मिनीबसमध्ये आगाफियाला मागच्या कोपऱ्यातली जागा मिळाली होती. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत रचलेली पार्सलं आणि मांडीवर कागदात गुंडाळलेली उशी. उशीवर तिनं स्वतः भरतकाम केलं होतं, लाल गुलाब आणि काळी किनार. इटलीत ती जिला सांभाळायची ती म्हातारी सिन्योरा दुपारी झोपली की ही सुई-दोरा काढून बसायची. अशी तीन वर्षं गेली होती. ती उशी डोक्याखाली घ्यायची नव्हतीच. रविवारी सकाळी अकरा वाजता अंगणात गालिचा अंथरायचा, त्यावर ही उशी ठेवायची, तिच्यावर तिचा मुलगा तुदोर गुडघे टेकणार आणि खुर्चीत बसलेल्या आईची क्षमा मागणार. तशी क्षमा मागितल्याशिवाय मोल्दोव्हात कुणी नवरदेव लग्नाला घराबाहेर पडत नाही.

आता तुदोरनं आईची क्षमा मागावी असं त्यानं काय केलं होतं? काहीच नाही. सात वर्षांच्या पोराला आत्याच्या पदरात टाकून निघून गेली ती आगाफिया. नवरा मॉस्कोला बांधकामावर गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला, तेव्हा तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली सहा वर्षं तिच्याकडे कागदपत्रंच नव्हती, त्यामुळे येणंच झालं नाही. पुढे वर्षातून पंधरा दिवस यायची. पंधरा दिवसांत माणूस भिंतींना चुना लावतो, दात दाखवून येतो, कबरीवरचं गवत काढतो. पोराशी बोलायचं राहून जातं. एकदा बोलायला गेली तर तुदोर म्हणाला, "आई, सूप गार होतंय."

म्हणून तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तो वाकला की त्याचं डोकं धरायचं आणि कानात सांगायचं, बाळा, क्षमा मला कर. त्या वेळी लोक रडत असतात, वाजंत्री वाजत असते, कुणाला ऐकू जात नाही आणि कुणी हसतही नाही. आयुष्यात असली वाक्यं बोलायची सोय त्या पाच मिनिटांतच असते. ती पाच मिनिटं चुकली तर चुकली.

खरं तर ती गुरुवारीच निघणार होती. पण सिन्योराचा मुलगा, जो आईजवळ राहायला येणार होता, तो गुरुवारी आलाच नाही. कामात अडकलो, म्हणाला. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला एकटं कसं टाकायचं? आगाफियाची नेहमीची बस निघून गेली. शुक्रवारी संध्याकाळी साहेब उगवले, तेव्हा हिला व्हित्या ड्रायव्हरची, इटलीतल्या बायांची पार्सलं गावोगाव पोचवणारी गाडी मिळाली. स्वतःचं सात वर्षांचं पोर टाकता आलं आणि परकी म्हातारी टाकता आली नाही, हा विचार हंगेरीच्या सपाट शेतांतून जाताना तिच्या डोक्यात येत राहिला. ती तो बाजूला सारत राहिली, पण तो काही हलायला तयार नव्हता.

रविवारी पहाटे गाडी प्रुत नदीवरच्या सरहद्दीच्या नाक्याला पोचली तर पुढे गाड्यांची ही लांबच लांब रांग. त्यात कुणीतरी पार्सलात चीजचे अख्खे चार गोळे कोंबले होते, म्हणून कस्टमवाल्यानं सगळा ढीग खाली उतरवायला लावला. तीन तास गेले.  शेवटी आगाफियानं वारवाराला फोन लावला. वारवारा म्हणजे तिची नणंद, जिनं तुदोरला वाढवलं.

"कुठं पोचलीस?"

"अजून नाक्यावरच. थांबाल ना गं?"

"अगं, किती थांबणार? पुढे नवरीच्या गावाला जायचंय, एक वाजता चर्च. फादरकडे आज तीन लग्नं आहेत. त्यांनी सांगून ठेवलंय, उशीर केलात तर तुमचं सगळ्यात शेवटी लावीन."

"मग एखादी गाडी तरी पाठव ना कुणाची."

"गाड्यांना फुलं लावून झाली, आगाफिया. वऱ्हाडाला पुरत नाहीयेत." वारवाराचा आवाज जरा खाली आला. "तूच सांग आता काय करायचं ते."

 आगाफिया म्हणाली, "साडेअकरापर्यंत नाही आले, तर तू बस खुर्चीत. खुर्ची रिकामी ठेवू नकोस. रिकाम्या खुर्चीपुढे नको वाकायला लावूस माझ्या पोराला."

गाडी सुटली तेव्हा नऊ वाजून गेले होते. तिचं गाव नदीपासून साठ किलोमीटर आत. सरळ गेलं तर सव्वा तास. पण पार्सलांची गाडी सरळ कधी जाते? वाटेत सहा गावं होती आणि प्रत्येक गावात फाटकाशी कुणीतरी उभं होतं.

पहिल्या गावात एक आजी. व्हित्यानं पार्सल खाली ठेवलं तर ती सही करेना. "आधी लेकीला फोन लाव. मिळालं म्हणून तिला सांगू दे मला." दुसऱ्या गावात एक म्हातारा तळघरात उतरला तो येईच ना. लेकीला पाठवायला पाच लिटरचा वाईनचा कॅन भरत होता.

"व्हित्यादादा," आगाफिया मागून ओरडली, "अरे, माझ्या मुलाचं लग्न आहे! पार्सलं शेजाऱ्याकडे टाक आणि चल ना!"

व्हित्यानं आरशातून पाहिलं. पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आदल्या दिवसापासून न झोपलेला माणूस. "ताई, शेजाऱ्याकडे दिलं तर उद्या इटलीतून फोन कुणाला येतो? मलाच. सगळ्या बाया निघताना एकच बजावतात. ज्याचं आहे त्याच्याच हातात दे, आणि माझं माणूस बरं आहे का ते डोळ्यांनी बघून मला कळव."

 हेच तर आगाफिया सोळा वर्षं बजावत आली होती. या व्हित्याला नाही, याच्याआधीच्या ड्रायव्हरला. "कितीही वेळ लागू दे दादा, पण पोराच्याच हातात दे. उंची किती झाली तेवढं बघ." आणि तो बिचारा थांबायचा. त्या वेळी गाडीत मागच्या कोपऱ्यात कोण कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मातीला निघालेलं असायचं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

चौथ्या गावाला साडेअकरा झाले. तिनं घड्याळ पाहिलं आणि उशीचा कागद नखांनी फाडत बसली.

घरापुढे गाडी थांबली तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. ती उशी काखेत मारून धावली. फाटकातून वाजंत्री बाहेर पडत होती, बायका शकुनाला वाटेवर पाण्याच्या भरल्या बादल्या ओतत होत्या. एका पोरसवद्या कॅमेरावाल्यानं तिला हातानं बाजूला सारलं.

"काकू, मधे येऊ नका. नवरदेव निघतोय. तो काय परत परत निघणार आहे का?"

आणि तुदोर आला. नवा कोट, छातीवर पांढरं फूल, तेवीस वर्षांचा उंच माणूस. ही उंची तिला ड्रायव्हरनं कळवली होती. तो थबकला.

"आई! आलीस?"

"आले रे."

"आत्याला बसवलं गं. तूच म्हणाली होतीस ना?"

"हो, मीच म्हणाले."

तिनं तोंड उघडलं. पण तुताऱ्या कानाशी वाजत होत्या, लग्नाची जबाबदारी घेतलेला धर्मपिता त्याच्या कोपराला धरून ओढत होता आणि बायका ओरडत होत्या, "थांबू नकोस रे! वाटेत थांबायचं नाही! मागे वळू नकोस, संसार मोडेल!"

"चल, बाळा. चल तू," ती म्हणाली.  त्यानं तिच्या गालाला घाईनं ओठ लावले आणि गाडीत बसला.

अंगणात गालिचा तसाच होता. त्यावर एक जुनी, विटकी उशी होती, लहानपणी तुदोर जिच्यावर झोपायचा तीच. तिच्यात दोन खळगे पडले होते. खुर्चीत वारवारा नाक पुसत बसलेली. आगाफियाला बघून ती धडपडत उठली.

"बस, बस इथं. तुझी जागा आहे."

"आता बसून काय करू?" आगाफिया गालिच्यावरच खाली बसली, नवी उशी पोटाशी धरून. "काय म्हणाला तो?"

"म्हणतात तेच सगळं."

"वारवारा, मी तुला ओळखते."

 वारवारानं रुमालाची घडी घातली, उलगडली. "कानात म्हणाला. आत्या, आईला सांगायचं होतं, पण ती नाहीये तर तूच ऐक. इतकी वर्षं मी तिच्यावर राग धरून होतो. पार्सलं यायची तरी धरून होतो. त्याची मला क्षमा कर, म्हणाला."

"मग? तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? केली, म्हटलं. खुर्चीत मीच होते ना."

आगाफियानं मान हलवली. बरं केलंस, म्हणाली. मग पुढे सरकून वारवाराचे दोन्ही हात धरले. "मला पण काही सांगायचं होतं गं त्याला. तुला सांगितलं तर चालेल का?"

"मला सांगून काय होणार?" वारवारा रडतच म्हणाली. "त्याच्या वतीनं मला 'केली' म्हणता नाही येणार. ते माझ्या हातात नाही."

बाहेर मोटारींचे हॉर्न लांब लांब जात होते. वऱ्हाड गावाबाहेर पडलं होतं, आणि लग्नाला निघालेल्यानं मागे फिरायचं नसतं.