सासऱ्यांच्या गाडीतला सोलेनॉइड

माझा आणि माझ्या साडूचा धंदा एकच. दोघंही गिअरबॉक्स खोलतो. माझं गॅरेज भोसरीला, एमआयडीसीच्या एका आडव्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये. त्याचं रावेतला. तिथं काचेचं दार आहे, बसायला सोफा आहे आणि गाडी दाखवायला आधी फोन करून वेळ घ्यावी लागते.

मी लातूरकडून इकडे आलो तेव्हा तो शाळेत असेल. बावीस वर्षं मी क्लचप्लेट आणि गिअर यांच्यातच काढली. गाडी गल्लीत वळताना आवाजावरून सांगायचो, तिसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर जुळवणारी पितळी रिंग, गेलाय म्हणून. तो चाकणच्या एका मोठ्या कंपनीत लागला, तिथं त्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ट्रेनिंग मिळालं, आणि पुढे नोकरी सोडून त्यानं स्वतःचं सुरू केलं. त्याच सुमारास या भागातल्या ट्रॅफिकला कंटाळून लोक धडाधड ऑटोमॅटिक गाड्या घ्यायला लागले. त्याचं नशीब, असं मी म्हणायचो. बायको म्हणायची, "नशीब कसलं, शिकला तो."

हे वाक्य मला लागायचं. त्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला सासऱ्यांनी स्वतः नारळ फोडला होता. माझ्या शेडमध्ये ते पहिल्यांदा आले ते शेड सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, तेही जवळच कुणाच्या तरी दहाव्याला आले होते म्हणून. दुपारी डबा खाताना मी मोबाइलवर त्याच्या दुकानाखाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायचो. पाच तारे, पाच तारे, 'फारच प्रामाणिक माणूस', परत पाच तारे. एकदा कुणीतरी दोन तारे दिले होते, गाडी द्यायला उशीर केला म्हणून. तो अभिप्राय मी किती वेळा वाचला ते सांगायची लाज वाटते.

आमचे सासरे चिंचवडगावातले, जुन्या घरातले. आयुष्यभर पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. आम्ही दोघं त्यांना मामा म्हणतो. त्यांना मुलगा नाही, दोनच मुली. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबणं जमेना, तेव्हा त्यांनी एक वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. ती घेताना सल्ला विचारला साडूला. मला पेढे मिळाले.

वर्षभर गाडी नीट चालली. मग एका सकाळी त्यांचा फोन आला. गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना धक्का देत होती आणि आता तर एकाच गिअरमध्ये अडकून बसली होती, पळतच नव्हती. साडू त्या आठवड्यात कुठल्याशा ट्रेनिंगसाठी चेन्नईला गेला होता. मामा गाडी कशीबशी चालवत माझ्या शेडपर्यंत आले, उतरले आणि म्हणाले, "हितं सावलीत लावून ठिवा. धाकटं पाव्हणं शनवारी येत्यात. त्यास्नी बघू द्या. तुमी हात लावू नगा."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. गाडी उन्हात उभी राहू नये एवढंच. पण मी बावीस वर्षं गिअरबॉक्स खोलतोय आणि माझ्याच शेडमध्ये मला सांगितलं जातंय की गाडीला हात लावू नका. मी "बरं" म्हणालो, त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि परत येऊन बॉनेट उघडलं.

शेजारच्या गल्लीतल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून स्कॅनर आणला. स्कॅनरनं दाखवलं, दुसरा शिफ्ट सोलेनॉइड गेलाय. ऑटोमॅटिक गाडीत माणूस गिअर टाकत नाही, तेलाचा दाब टाकतो. तो दाब कुठल्या वाटेनं जाईल हे अंगठ्याएवढे हे सोलेनॉइड ठरवतात. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते आणि मधे एक पिन. करंट आला की पिन सरकते, तेलाची वाट उघडते, गिअर पडतो. एक जरी मेला तरी गाडीचा कॉम्प्युटर घाबरून सगळं एकाच गिअरला बांधून टाकतो. एवढं मला वाचून, बघून माहीत होतं. हातानं मात्र कधी केलं नव्हतं.

बाजारातून नवा सोलेनॉइड यायला दोन दिवस लागले. तोवर गाडी वर घेऊन मी तेल काढलं. लाल असायचं ते तपकिरी झालं होतं आणि जळकट वास येत होता. खालचं चेंबर उतरवलं. त्यातल्या लोहचुंबकावर राखाडी चिखल बसला होता, तो पुसला. वर व्हॉल्व्ह बॉडी दिसत होती, ॲल्युमिनियमची, वारुळासारखी वाटाच वाटा असलेली, आणि तिच्या कडेला ओळीनं पाच सोलेनॉइड. एकेकाची वायर सोडवून मीटर लावला. चार बरोबर होते. दुसरा मेलेला होता. मीटरचा काटा हललाच नाही. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसलो. मनात मामा नव्हते, गाडीही नव्हती. मनात साडू होता. तो शनिवारी येणार आणि त्याच्यासाठी काही काम शिल्लकच नसणार.

दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट काढला, जुना उपसला, नव्याच्या रबरी रिंगला तेल लावलं आणि हळूच बसवला. बोल्ट बेतानं आवळला, कारण ॲल्युमिनियम जास्त जोर सोसत नाही. सगळं पुसून घेतलं, चेंबर चढवलं, नवं तेल भरलं. शुक्रवारी दुपारी स्पाइन रोडनं तळवड्यापर्यंत गाडी नेली आणि आणली. पहिला, दुसरा, तिसरा, लोण्यासारखे पडत होते. परत येताना मी मुद्दाम रावेतवरून आलो. त्याच्या दुकानासमोर गाडी हळू केली. काचेच्या दाराआड त्याचा माणूस फोनवर बोलत होता. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही, तरी मला बरं वाटलं.

गाडी मामांच्या दारात उभी केली तेव्हा त्यांनी एक चक्कर मारून बघितली. उतरल्यावर पहिला प्रश्न केला, "त्यास्नी फोन करून इचारलं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो. "त्यात विचारायचं काय?"

"बरं," ते म्हणाले. मी चहा न घेताच निघालो.

पुढच्या बुधवारी मामा आणि सासूबाई चाकणला एका साखरपुड्याला निघाले होते. मोशीच्या अलीकडे, नाशिक रोडवर, गाडीनं तोच धक्का दिला आणि परत एका गिअरमध्ये अडकली. मागं ट्रक, पुढं ट्रक. मामांनी कडेला घेतली आणि फोन केला. साडूला केला. मोशी माझ्या शेडपासून दहा मिनिटांवर आहे, रावेतहून किती लांब ते इथल्या माणसाला सांगायला नको. तरी फोन त्याला गेला. तो गाडी ओढून रावेतला घेऊन गेला. मला कळलं संध्याकाळी, बायकोकडून.

"तुम्हाला त्रास नको म्हणून त्यांनी केला नसेल," ती म्हणाली.

"मी काय तापानं पडलो होतो?"

ती पोळ्या लाटत राहिली. मग म्हणाली, "काम नीट झालं नसेल तर नसेल. माणसाचं चुकतं. तुम्हाला चुकल्याचं दुःख आहे की ते त्याला कळेल याचं?"

मी जेवलो नाही असं नाही, जेवलो. पण तिच्याशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. भोसरीत एमआयडीसी बंद असते, म्हणून शेडही बंद. मी माझी गाडी काढून रावेतला गेलो. कशाला जातोय हे मला धड माहीत नव्हतं. त्याच्यावर काही दोष काढता येतो का बघायला, असं असावं. म्हणजे त्यानं गाडी अजून खोललीच नसेल, नुसतीच उभी करून ठेवली असेल, असं काहीतरी.

त्यानं खोलली होती. व्हॉल्व्ह बॉडी उतरवून एका टेबलावर ठेवली होती. टेबल माझ्या घरच्या जेवायच्या टेबलापेक्षा स्वच्छ होतं. वर पांढरा दिवा, हातात निळे मोजे. प्रत्येक बोल्ट आपापल्या खणात, खणावर नंबर. मला बघून तो उठला.

"या भाऊ. चहा सांगतो."

"चहा राहू दे. काय निघालं?"

तो जरा घुटमळला. मग चिमट्यानं एक गोष्ट दिव्याखाली धरली. बोटाच्या पेराएवढा पांढरा धागा, तेलानं लाल झालेला. "हा त्या सोलेनॉइडच्या जाळीत गेला होता," तो म्हणाला. "पिन पूर्ण सरकत नव्हती."

धागा कुठला ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. चेंबर पुसायला मी कॉटन वेस्ट वापरलं होतं, सुताचा तो गुंता, जो आमच्या शेडमध्ये हात पुसण्यापासून इंजिन पुसण्यापर्यंत सगळीकडे चालतो. साध्या गिअरबॉक्समध्ये धागा राहिला तर राहिला, गिअर त्याचा चुरा करतो. इथं केसाएवढ्या वाटा असतात. त्याच्या टेबलावर कापडाच्या घड्या होत्या, धागा न सोडणाऱ्या. त्या मला आत येतानाच दिसल्या होत्या.

मला वाटलं, तो हा धागा जपून ठेवेल. मामांना दाखवेल. मी असतो तर दाखवला असता, हे मला तिथं उभ्याउभ्या कळलं. त्यानं तो कागदात गुंडाळला आणि डब्यात टाकला.

तेवढ्यात मामाच रिक्षातून उतरले. आत येऊन टेबलाशी उभे राहिले, हात मागे बांधून, कारखान्यात उभे राहायचे तसे. "काय व्हतं?"

"जुन्या तेलातली घाण होती मामा," साडू म्हणाला. "खूप वर्षांची साचलेली. नवं तेल पडल्यावर सुटली आणि अडकली. भाऊंनी टाकलेला सोलेनॉइड बरोबर होता. तोच गेलेला होता, त्यांनी बरोबर पकडला."

मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला साडूचे उपकार वाटायला हवे होते. उलट त्याचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. त्याच्याकडे दुकान होतं, शिक्षण होतं, मामांचा विश्वास होता, आणि आता मोठेपणाही त्यानंच घेतला होता. माझ्याकडे त्यातलं काही म्हणता काही नव्हतं. त्यानं जर माझी चूक मामांसमोर मांडली असती तर मी त्याला हलका माणूस ठरवून मोकळा झालो असतो.

त्या रविवारी चिंचवडला सगळे जेवायला होतो. सासूबाईंनी मटण केलं होतं. साडू नेहमीसारखा कमी बोलत होता आणि सगळ्यांना हवाहवासा वाटत होता. जेवणाच्या मध्येच मी म्हणालो, "मामा, ती तेलातली घाण नव्हती. धागा होता. माझ्या वेस्टचा. माझ्या हातून राहिला."

साडूचा घास हातातच राहिला. बायकोनं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत जरा कौतुक दिसलं. ते माझ्या वाट्याचं नव्हतं. मी खरेपणानं बोललो नव्हतो. त्यानं मला पाठीशी घातलंय हे ओझं मला नको होतं, म्हणून बोललो. त्याचा मोठेपणा त्याच्या हातातून काढून घ्यावा, एवढंच माझ्या मनात होतं. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मामा सावकाश चावत होते. मग साडूला म्हणाले, "तुमी मला खोटं सांगितलं व्हय?"

"हो मामा," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

"पुन्हा सांगू नगा. जॉब बिघडला तर कशानं बिघडला ते कळाया पायजे." मग माझ्याकडे वळले. "आन तुमी? वेस्ट चालत न्हाई हे ठावं न्हवतं?"

"नव्हतं ठाऊक."

"मग इचारायचं की राव. घरातलाच माणूस हाय."

दोघांनाही सारखंच झापलं. गंमत म्हणजे त्या झापण्यानं मला बरं वाटलं. त्याचे कान लाल झालेले बघून तर फारच. सासूबाईंनी रस्सा वाढला आणि विषय त्या साखरपुड्यातल्या मुलाकडे गेला, जो दुबईला नोकरीला आहे म्हणे.

हात धुताना साडू नळापाशी माझ्या शेजारी आला. "भाऊ, गुरुवारी तुमची सुट्टी असते ना? दोन गाड्या आल्यात, दोन्हींचे सोलेनॉइड बदलायचेत. याल का? माझ्याकडचा एक माणूस सोडून गेलाय."

माणूस खरंच सोडून गेला होता की मला बोलवायला त्यानं परत एक खोटं सांगितलं, मला आजही माहीत नाही. मी "बघतो" म्हणालो. आणि गुरुवारी गेलो.

त्याला आता दीड वर्ष झालं. गुरुवारी मी रावेतला असतो. निळे मोजे घालतो, धागा न सोडणारं कापड वापरतो, प्रत्येक बोल्ट त्याच्या खणात ठेवतो. माझ्या शेडमध्येही मी महिन्याला दोन-तीन ऑटोमॅटिक गाड्या करतो, आणि त्या परत येत नाहीत. तो शिकवतो चांगला. मी चुकलो की आवाज न चढवता सांगतो, आणि तेच मला सहन होत नाही. गिऱ्हाईक आलं की ते माझ्यावरून थेट त्याच्याकडे बघतं, वयानं मी मोठा असून. अशा वेळी मी उगाच एखादा आवळलेला बोल्ट परत तपासत बसतो.

हेवा गेला, असं मला लिहिता आलं असतं. पण तो गेलेला नाही. पूर्वी तो लांबून, मोबाइलच्या पडद्यातून करायचो. आता शेजारी उभा राहून करतो, आणि त्यात निदान काम होतं. त्याचा फोन आला की अजूनही मी लगेच उचलत नाही. हातातलं काम सोडून फोनकडे बघत राहतो, चार-पाच वेळा वाजू देतो, आणि मगच म्हणतो, "बोला राव, जरा कामात होतो."