क्लेमेंटीनची बाटली

भुईगावच्या क्लेमेंटीनला एव्हरशाईन सिटीतल्या एका लहानशा ऑफिसात कॉम्प्युटरचं काम मिळालं, तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आता ही कसली फुलं ओवते! पण नोकरी अजून कच्ची होती. सोमवारी एका हारवाल्यासाठी तिने बनवलेलं इंटरनेटचं पान नीट चाललं नाही, तर पोरगी पुन्हा ओटीवर सुईदोरा घेऊन बसणार.

पान देखणं होतं. प्रत्येक हाराखाली बटण. दाबलं की त्या हाराचं नाव यायला हवं. नाव सांगायचं काम तिने हारालाच शिकवलेलं. हाराकरवी करून घेतलं तर काम चोख. तेच बटणाच्या हाती सोपवलं, की नावाच्या जागी ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे नावाचा पत्ताच नाही.

“जो हाक मारतो त्यालाच ते काम आपला धनी समजतं,” ऑफिसचे अँथनीसर म्हणाले. “हाक बटणाने मारली. बटणाला कुठलं आलंय नाव?”

“मग काय करू, सर?”

“ते तू सांग. सोमवारी.”

रविवारी चर्चमधली मिस्सा करून ती जेवायला बसली. तिची आय लोकांकडे कार्याचा स्वयंपाक करायची. सकाळच्या बाप्तिस्म्याच्या जेवणातला रस्सा तिने घरी आणला होता. पहिल्याच घासाला क्लेमेंटीन थबकली.

“आय, हा तू रांधला?”

“नाहीतर काय पाद्रीबाबांनी?”

“चव तुझी नाही.”

“आपल्या मसाल्याची बाटली घरी फळीवरच विसरले ना गे. त्यांच्या चुलीपाशी उभी, त्यांच्याच डब्यातला मसाला. रस्सा त्यांचाच व्हायचा. एरवी बाटली पिशवीत घातल्याशिवाय मी उंबरा ओलांडते का? मग बोलावणं कुणाचंही असो.”

क्लेमेंटीन हातातला घास तसाच धरून फळीवरच्या बाटलीकडे बघू लागली.

“जेव तरी! एवढा काही वाईट नाही झाला.”

सोमवारी तिने काम बटणाकडे धाडण्याआधीच प्रत्येक हार त्याच्या-त्याच्या कामाच्या पिशवीत बांधून दिला. हाक कोणी मारली ते बघायचं नाही, पिशवीतलं उघडायचं. त्या बांधलेल्या हाराला लिखाणात नाव दिलं ‘बाटली’.

अँथनीसरांनी बटण दाबलं. ‘मोगरा-गुलाब’. दुसरं दाबलं. ‘शेवंती’. मग आतलं लिखाण वाचून त्यांच्या भुवया चढल्या.

“ही बाटली कसली? ऑफिसात?”

“घरची आहे, सर.”

“नाव बदल. आणि पुढच्या महिन्यापासून मोठं पान तुझ्याकडे.”

मोठं पान तिने घेतलं. नाव मात्र बदललं नाही. हारवाल्याला त्या बाटलीचा कधी वासही आला नाही.