मागून बघणारे खोत

महादेव खोत कुठलीही गोष्ट आधी मागून बघत. आमची पहिली भेट झाली तीही अशीच. जपानात कोबेला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मायदेशी परत निघालेल्या एका विद्यार्थ्याची जुनी सायकल मी घेत होते आणि फोनवर आईला तिचं वर्णन ऐकवत होते. तेवढ्यात गमबूट घातलेला एक उंच, सावळा माणूस कुठूनसा आला, सायकलच्या मागे उकिडवा बसला, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला आणि चक्क मराठीत म्हणाला, "घेऊ नगा मॅडम. मागच्या पायात लंगडतीय."

मागचं चाक खरोखरच वाकडं होतं. मी आभार मानले, तर म्हणाले, "जत्रंत फसतो कोण? फुडनं बघणारा." हे वाक्य पुढच्या तीन वर्षांत मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. घर भाड्याने घ्यायचं असो की वॉशिंग मशीन, खोत आधी मागे जायचे. आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत निघालो, आणि तिथल्या प्रोफेसरांनाही त्यांनी सोडलं नाही. "फुडनं रुबाबदार हायती, पर मागनं खांदं पडल्यात. घरात सासू आसणार," असं त्यांनी पहिल्याच महिन्यात जाहीर केलं. पुढे प्रोफेसरांनी जेवायला बोलावलं, तेव्हा दार सासूबाईंनीच उघडलं. खोतांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त मिशीत हसले.

आमची प्रयोगशाळा गुरांच्या आनुवंशिकतेवर काम करायची. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. गाय माझ्या लेखी कॉम्प्युटरवरच्या अक्षरांची एक लांबलचक ओळ होती. खोत माणदेशातल्या शेतकऱ्याच्या घरचे. त्यांचे वडील खिलार बैल पाळायचे आणि दर वर्षी जत्रेत खोंड उतरवायचे. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, गळ्यात घुंगूरमाळ असा सगळा थाट. खोंडाचा कासरा धरून मैदानात चालायचं काम सातव्या वर्षापासून खोतांकडे होतं. निघताना त्यांची आई खोंडाच्या कपाळाला हळदकुंकू लावायची. एका वर्षी उशीर झाला म्हणून कुंकू न लावताच हे निघाले.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"काय हुतंय? बक्षीस द्यायची येळ आली आन् खोंड मैदानात बसला. ढुसण्या दिल्या, शेपूट पिरगाळलं, गूळ दावला. उठंचना! आख्खी जत्रा हसत हुती. परत कवा चुकलो न्हाई बघा."

कोबेच्या उत्तरेला डोंगरात, दोन गाड्या बदलून गेलं की निशिदा-सान यांचा गोठा होता. आम्ही तिथे रक्ताचे नमुने आणायला जायचो. निशिदा-सान म्हणजे निशिदाबाई, ऐंशीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या आणि मोजकं बोलणाऱ्या. नवरा गेल्यावर एकेक करत गाई विकल्या गेल्या आणि शेवटी एकच काळीभोर कालवड उरली, किकू. खोत पहिल्याच दिवशी किकूच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला आपण देवळात आल्यासारखं वाटलं. "ताई, हिला वशिंडच न्हाई. म्हंजी दोष लपवायला जागाच न्हाई. आन् दोष हाय कुटं?" त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले आणि खोत दर रविवारी डोंगरात जायला लागले.

ऑफिसमधलं जपानी खोतांना शेवटपर्यंत जमलं नाही. मीटिंगमध्ये ते नुसती मान डोलवायचे. पण चारा, खूर, शेण, खरारा हे सगळे जपानी शब्द त्यांच्या तोंडी असे फिरायचे, की निशिदा-सान त्यांच्याशी माझ्या दुप्पट बोलायच्या. याचं मला वैषम्य वाटायचं, हे कबूल करते. तीन वर्षं पैसे भरून मी शिकवणी लावली होती.

शरद ऋतूत तालुक्याच्या गावी गुरांचं प्रदर्शन भरायचं. निशिदा-सान यांच्या मुलाने ओसाकाहून सांगून ठेवलं होतं, की आता पुरे, गोठा बंद करा. त्या म्हणाल्या, किकू प्रदर्शनात पहिल्या तीनांत आली तर गोठा चालू राहील, हरली तर मी स्वतः तिला विकेन. मुलाने मान्य केलं. आता कालवडीला वेसण धरून पंचांसमोर तासभर उभं करायचं, तर म्हाताऱ्या मनगटांत तेवढा जोर नव्हता. खोतांनी कुणी विचारायचीही वाट बघितली नाही. सहा महिने ते किकूला चालायला, थांबायला आणि चारी पाय चौकात ठेवून उभं राहायला शिकवत होते. मी शेजारच्या पेटीवर बसून टिपणं काढायचे आणि किकूने माझ्या दिशेने मान वळवली की पाय वर घ्यायचे.

प्रदर्शनाच्या सकाळी किकू आरशासारखी चमकत होती. खोतांनी पांढरा डगला घातला होता. पांढरे हातमोजे घातलेले पंच रांगेतून हळूहळू सरकत होते. प्रत्येक गाईच्या पाठीवरून हात फिरवत, केस बाजूला करून कातडी बघत ते किकूपाशी आले. मागून बघितलं, बाजूने बघितलं, आणि एकमेकांकडे बघून मान हलवली. मलासुद्धा कळलं, की हे चांगलं आहे. मग मोठ्या पंचांनी किकूच्या कपाळावरून हात फिरवला आणि तो वर उचलला. हातमोजा लाल झाला होता.

"रक्त!" कुणीतरी ओरडलं. पशुवैद्य पेटी घेऊन धावत आला. किकूला धरलं, कपाळ तपासलं, जखम सापडेना. सगळं मैदान थबकलं. खोतांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी कमरेतून वाकून सांगितलं, की हे रक्त नाही, आमच्याकडचं कुंकू आहे, पहाटे मीच लावलं. काळ्या केसांत ते कुणाला दिसणार नाही असं त्यांना वाटलं होतं.

पंच कठोर नव्हते, पण नियम सरळ होता. अंगाला कसलाही रंग लावलेलं जनावर निकालातून बाद. काळेपणा वाढवायला लोक काय काय लावतात, म्हणून तो केलेला होता. लाल रंगाचा विचार बहुधा कुणी केलाच नव्हता. किकूला रांगेतून बाहेर काढलं.

परतताना ट्रकमध्ये निशिदा-सान समोर बघत होत्या. खोत माझ्या कानाशी पुटपुटले, "ताई, म्या म्हातारीचा गोठा मोडला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

गोठ्यात किकूला बांधल्यावर निशिदा-सान यांनी विचारलं, "ते जिंकण्यासाठी लावतात का?"

खोत आपल्या त्या शेणाचाऱ्याच्या जपानीत सावकाश बोलले. "नाही. मैदानात सगळे परके तिला बघणार. मोजणार. त्याच्या आधी घरच्या माणसाने एकदा बघून घ्यायचं, आमची आहे म्हणून. तेवढंच."

निशिदा-सान यांनी हात पुढे केला. खोतांनी खिशातली स्टीलची डबी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उघडून वास घेतला, बंद केली आणि एप्रनच्या खिशात टाकली. मग भिंतीवरचा फोन उचलून मुलाला लावला. "नाही, हरली नाही," त्या म्हणाल्या. "जिंकली पण नाही. तिचा निकालच लागला नाही. मग विकायची कशी? पुढच्या वर्षी बघू." पलीकडून मुलगा काहीतरी बोलत होता. त्यांनी फोन ठेवून दिला.

खोत खाली चाऱ्यात बसले आणि हसत सुटले. "ताई, बाई पक्की जत्रंतली हाय!"

पण पुढच्या वर्षापर्यंत खोतांची मुदत संपणार होती. गावाकडच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नोकरी लागली होती. जाण्याआधीच्या दोन महिन्यांत त्यांनी वेसण माझ्या हातात दिली. आधी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात, खुर्चीला दोरी बांधून. "वढू नगा ताई, ती काय बॅग हाय व्हय? तुमी चाला, ती यील." प्रोफेसर दारातून बघायचे आणि काही न विचारता आत जायचे. स्टेशनवर निरोपाच्या वेळी खोत प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गेले, गाडी मागून बघून आले, आणि मगच चढले. मी गाडी गेल्यावर रडले.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात किकू तिसरी आली. वेसण माझ्या हातात होती. निशिदा-सान यांनी फोन उंच धरला होता. त्यातून खोत इतके मोठ्याने ओरडत होते, की पंचांनी दोनदा वळून बघितलं. मुलगा ओसाकाहून आला होता. त्याने आईला विचारलं, "म्हणजे गोठा चालू?" त्या सरळ मोठ्या पंचांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "निकाल झाला ना? आता चालेल?" पंचांना एवढं लाजताना मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी मान डोलवली.

निशिदा-सान यांनी एप्रनच्या खिशातून डबी काढली. आधी किकूच्या मागे गेल्या, उभ्या राहून नीट बघितलं, मग पुढे येऊन तिच्या कपाळावर बोट टेकवलं. काळ्या केसांत ते दिसलंच नाही. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. वाकलेल्या कमरेने त्या सावकाश माझ्या मागे गेल्या.

"पाठ सरळ ठिवा ताई!" फोनमधून खोत ओरडले.

मी पाठ सरळ केली. निशिदा-सान समोर आल्या आणि बोटाला उरलेलं कुंकू त्यांनी माझ्या कपाळाला लावलं.