आईच्या गुडघ्यांवरचा बिब्बा

कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच हंगामात आईचे गुडघे धरले. तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या वावरात तिला वाकणंही जमेना. निर्गुडीच्या पाल्याने शेकलं की तिला बरं वाटायचं, पण बाबांना धीर कुठला! त्यांनी वैदू आणला. त्याने गुडघ्यांवर बिब्ब्याचं तेल चोपडलं आणि दुसऱ्या दिवशी कातडी फोडांनी भरली.

"दुखणं बाहेर पडून राहिलं," वैदू म्हणाला.

बाबांनी आईला विचारलं, "उद्या वेचायले येशीन ना?"

मी वैदूची झोळी अंगणात भिरकावली. "तिले उभं राहता येत नाही, अन् तुमाले कापूस दिसून राहिला?"

"बापाले असं बोलू नये," आई कण्हत म्हणाली.

फोड सुकले, गुडघे तसेच राहिले. बाबांपेक्षाही तिच्या त्या बोलण्याचा राग मला अजून येतो.