उशाची फळी

बुकबाइंडिंगच्या कारखान्यात आयुष्य गेलं म्हणून गल्लीत त्यांना सगळे खळवाल्या काकू म्हणत. काम सुटलं तरी बोटांना खळीचा वास येतो, असं सून चिडवायची. अर्धी कातडी पुस्तकांत गेली, तेवढा वास तरी राहू दे, असं काकूंचं उत्तर ठरलेलं.

अर्धांगवायूने काकांची वाचा नेली. त्यानंतर काही हवं असलं की ते पलंगाच्या उशाकडची फळी नखाने वाजवत. टक टक टक. भांड्यांच्या खडखडाटातही काकूंना ते ऐकू यायचं. मग काका गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी गल्ली सामसूम झालेली असताना, फळी पुन्हा वाजली.

काकू पाण्याचा पेला घेऊन गेल्या. रिकाम्या पलंगाशी उभी असलेली आई मुलाने पाहिली, आणि पुढे अनेकदा पाहिली. तो खोलीत पाऊल टाकायचा आणि आवाज थांबायचा. तुझ्या मनाने घेतलंय, असं तो हळुवारपणे सांगू लागला. डोक्याच्या डॉक्टरांची चौकशीही त्याने केली. त्याच्या त्या हळुवारपणाची काकूंना आवाजापेक्षा जास्त धास्ती वाटे.

शेवटी त्यांनीच सुताराला बोलावलं. त्याने फळीमागे बॅटरी धरली. मोहरीएवढी भोकं होती आणि खाली पिठासारखा भुसा. लाकूड पोखरणारे भुंगेरे डोकं आपटून एकमेकांना हाका मारतात, चाहूल लागली की गप्प होतात, असं तो म्हणाला. भोकं मात्र बाहेर पडतानाची; आत ते वर्षानुवर्षं खात बसलेले असतात.

“आज बाहेर पडेल तो आत कधी शिरला असेल?” काकूंनी विचारलं.

“काका बोलत होते तेव्हा,” सुतार हत्यारं आवरत सहज म्हणून गेला.

पण भोकं जुनीही असू शकतात. त्यांच्यावर पातळ कागद चिकटवा, तो म्हणाला. फुटला तर किडा जिवंत. मग पलंग कापून जाळायचा, नाहीतर छताचे वासेही जातील. मुलाने हे मान्य केलं. कागद फुटला तर आईचं खरं. नाही फुटला तर डॉक्टर.

काकूंनी खळ शिजवली आणि एकही सुरकुती न पडू देता कागद बसवला.

एका सकाळी कागदाला भोक होतं. गोल, स्वच्छ. मुलगा आंघोळीला गेला होता. त्याला हाक मारायला काकूंनी तोंड उघडलं, एवढ्यात त्यांच्या तळव्याखाली फळी वाजली. त्यांनी तोंड मिटलं. त्यांनी भुसा फुंकला, कागद खरवडला आणि दुसरा लावला.

मुलगा टॉवेलने डोकं पुसत आला. त्याने कागदावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. त्याने आईच्या नखांकडे पाहिलं.

“फुटला नाही,” काकू म्हणाल्या. “माझ्याच डोक्यात असेल. कधी जायचं डॉक्टरांकडे?”

त्याने ओलं बोट टॉवेलला पुसलं. “आणि सुताराला काय सांगू?”

“काही निघालं नाही म्हणून सांग.”

त्याने मान हलवली, पण तो तिथेच उभा राहिला. तो उभा होता तोवर फळी गप्प होती. काकू पदराला हात पुसत, मुलगा कधी जातो याची वाट पाहत राहिल्या.