हळद्यासाठी प्रदक्षिणा

शिरगावात आमच्या बिल्डिंगच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. त्याच्या कोपऱ्यात उंबर, उंबराला पार आणि पारावर दत्ताची तसबीर. गेल्या हिवाळ्यात त्या उंबरावर हळद्या यायला लागला. इंग्रजी शाळेमुळे मी त्याला आधी गोल्डन ओरिओल म्हणायचे. अंगभर पिवळा, पंखांवर काळा, डोळ्यांतून काजळाची रेघ गेलेली. पिकलेलं उंबर चोचीत धरून तो मान वाकडी करायचा.

मी घरूनच काम करते. आईबाबा गावी राहायला गेल्यापासून घरात माझा आवाज फक्त ऑफिसच्या कॉलवर निघतो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मी होते, पण तिथे कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. ती मंडळी रविवारी गाडी करून जायची आणि दुपारपर्यंत टपरीवरच्या चहाचा फोटो यायचा. मला त्या चहाच्या फोटोत असायचं होतं. हळद्याचा एक चांगला फोटो टाकला तर कोणीतरी विचारेल, असं वाटायचं.

उल्हासनगरहून सेकंडहँड लेन्स आणली. रोज सकाळी जाऊन उभी राहायचे. पण मी कॅमेरा उचलला की हळद्या पानांत शिरायचा. माझ्याकडे पिवळ्या डागांचे पुष्कळ फोटो जमले.

दर गुरुवारी शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक काकू उंबराला प्रदक्षिणा घालायला यायच्या. त्या गोल फिरत असायच्या आणि हळद्या त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर निवांत खात असायचा. एका गुरुवारी त्या थांबल्या.

"काय गं, रोज ही तोफ घेऊन उभी असतेस. कुणाला उडवायचंय?"

"पक्षी आहे, काकू. मला बघून पळतो."

"अशी टक लावून बघतेस, पळेल नाही तर काय! मला कोणी असं बघितलं तर मीपण पळेन. चपला काढ, ये माझ्या मागून. आणि सारखी वर बघू नकोस."

मी त्यांच्या मागून चालू लागले. त्या पुटपुटत होत्या, मी त्यांच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघत होते. काही फेऱ्यांनंतर हळूच कॅमेरा वर केला. हळद्या खालच्याच फांदीवर होता. तो गेला नाही.

स्क्रीनवर फोटो दाखवला तर काकू म्हणाल्या, "अगंबाई, ह्याला तर हळद लागलीय! तुला कधी?"

"प्रसाद द्या ना, काकू," मी म्हटलं. त्या हसल्या आणि अर्धं केळं हातावर ठेवलं.

संध्याकाळी फोटो ग्रुपवर टाकला.

"कडक!"

"लोकेशन, मॅडम?"

"नुसता फोटो चालत नाही. लोकेशन द्यायचं, ग्रुपचा नियम आहे."

"पक्षी गॅलरीत पाळलाय वाटतं मॅडमनी."

मग ॲडमिनचा मला वेगळा मेसेज आला. "रविवारी गाडीत एक सीट आहे. आधी तुमचा हळद्या टिपू, मग बारवी धरणावर जाऊ. झाड कुठे आहे तेवढं सांगा."

ती सीट मला हवी होती. पण त्यांचे व्हिडिओ मी पाहिले होते. झाडाखाली ट्रायपॉडची रांग, फांदीला टांगलेला स्पीकर, त्यातून वाजणारी पक्ष्याची साद आणि तिला फसून या फांदीवरून त्या फांदीवर उडणारा खरा पक्षी. एकदा जागा कळली की माणसं येतच राहतात. मग हळद्याने कुठे खायचं आणि काकूंनी फिरायचं कुठून? मी 'शिरगाव' टाइप केलं. खोडलं. शेवटी लिहिलं, "सॉरी, नाही सांगू शकत."

"ओके," एवढंच उत्तर आलं. थोड्या वेळाने ग्रुपवरचा माझा फोटो ॲडमिनने काढून टाकला.

रविवारी सकाळी मी उंबराकडे गेले. चपला काढल्या आणि एकटीच फिरायला लागले. पुढे कोणी नसल्यामुळे किती वेगाने चालावं ते कळेना. वर हळद्या होता. खाली पिकलेली उंबरं टपटपत होती. मी फोटो काढले, आधीच्यापेक्षा बरे आले. मोबाइल वाजला. ग्रुपवर टपरीचा फोटो आला होता, गाडीच्या बॉनेटवर चहाचे ग्लास.

मी मोबाइल खिशात ठेवला आणि पारावर बसून नवे फोटो बघत राहिले. काकूंना दाखवायला त्यातला एक बाजूला काढला. गुरुवार अजून लांब होता.