पाचवी शाल

त्या वर्षांत दोह्यात घरून निघताना रस्ता कालच्याच जागी असेल याची खात्री नसे. फुटबॉलचा वर्ल्डकप यायचा होता आणि सगळं शहर उकरून ठेवलं होतं. आम्ही अल दुहैल भागात, कुंपणाच्या आतल्या एका वसाहतीत राहत होतो. तुमचे आजोबा नोकरीची शेवटची वर्षं काढत होते, आणि तुम्ही इतके लहान होता की व्हिडिओ कॉलवर मला नुसतं तुमचं कपाळ दिसायचं.

शेजारच्या घरात जमैकाची एक बाई राहायची. शाळेत ती पी.टी. शिकवायची. घरात ती आणि तिची दहा वर्षांची मुलगी. तिच्या हॉलमध्ये एक मोठा फोटो होता: चार मुली, गळ्यात रौप्यपदकं, जागतिक स्पर्धेतली रिले.

"यातली तू कुठली?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मी फोटोत नाही, आंटी," ती म्हणाली आणि चहा ओतू लागली.

मी समजले, मैत्रिणींचा फोटो लावला असेल. पुढे एकदा तिची मुलगी आमच्या स्वयंपाकघरात चकली खात बसली होती. तिनं वर्गात सांगितलं होतं, माझ्या आईला पदक मिळालंय. मुलं म्हणाली, मग फोटोत का नाही? तेव्हापासून वर्गातली मुलं तिला खोटारडी म्हणत होती. "मुलं बोलतातच गं," म्हणून मी तिच्या ताटलीत आणखी एक चकली ठेवली. मला तिथंच थांबून विचारायला हवं होतं.

फुटबॉलच्या आधी धावण्याची मोठी स्पर्धा दोह्यात भरली आणि फोटोतल्या चौघी आपल्या देशाच्या संघाबरोबर आल्या. शेजारणीनं त्यांना क्लबहाउसमध्ये चहाला बोलावलं. आम्हा मराठी बायकांच्या कानावर हे गेल्यावर नुसत्या चहावर कसं भागेल? शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं ठरलं. कागदपत्रं अर्थातच माझ्याकडे आली.

"चौघीच ना? की आणखी कुणी?" मी शेजारणीला विचारलं.

"फोटोत चार आहेत, आंटी."

मी चार लिहिलं. ती स्वतः आमंत्रण देणारी, म्हणजे घरची. आपल्याकडे घरच्या माणसाचा सत्कार करत नाहीत, त्याच्या हातात ट्रे देतात. मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

सूक वाकिफच्या जुन्या बाजारातून शाली आणायला आम्हाला आजोबांच्या ऑफिसचा ड्रायव्हर घेऊन गेला. तो लातूरकडचा.

"काकू, एक जादा घ्या की. आमच्याकडं ऐन टायमाला कुणीतरी राहतंयच."

"यादीत चार आहेत," मी म्हणाले.

"बरं, मग खलास," तो म्हणाला आणि पिशवी उचलली.

मानपत्रं मी इंग्रजीत, मन लावून लिहिली. एकीनं शाळेच्या गवताळ मैदानावर अनवाणी सुरुवात केली होती. दुसरी दोन बाळंतपणांनंतर पुन्हा धावपट्टीवर उतरली आणि आधीपेक्षा वेगानं धावली. तिसरी अडथळ्यांच्या शर्यतीतही देशात पहिली आली होती. चौथी, शेवटचा टप्पा धावणारी, आता मुलींना शिकवत होती. प्रत्येकीची सगळी वर्षं मी एका पानात बसवली. मी वाचत असताना त्या चौघी एकमेकींना कोपरं मारत हसत होत्या, आणि मधूनच एखादी डोळे पुसत होती. शेजारीण दाराशी समोशांचा ट्रे घेऊन उभी होती. तिची मुलगी पहिल्या रांगेत बसून सारखी मागं वळून आईकडे बघत होती.

चौथी शाल दिली. मी आभाराचा कागद उलगडला, तेवढ्यात चौथी उभी राहिली.

"मॅडम, तुमची मोजणी चुकली. आम्ही पाच आहोत."

तिनं सांगितलं ते असं: अंतिम शर्यतीच्या आदल्या दिवशी प्राथमिक फेरी होती. तिची स्वतःची मांडी आखडली होती, म्हणून त्या फेरीत तिच्या जागी आमची शेजारीण धावली. शेजारणीमुळे संघ अंतिम फेरीत गेला. फेरीत धावणारीलाही पदक मिळतं, पण व्यासपीठावर उभं करतात ते अंतिम शर्यतीतल्या चौघींना.

"जाऊ दे ना," दारातून शेजारीण म्हणाली. "समोसे गार होतायत."

"ट्रे खाली ठेव!" चौघीही एकदम ओरडल्या.

ती पुढं आली, पण माझ्याकडे शाल कुठं होती? मी शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांकडे वाकून पाहिलं.

"मराठी मंडळानं मला दिलेली आहे ना कपाटात, प्लास्टिकसकट," ते कानाशी कुजबुजले. "नाहीतरी आपल्याकडे शाली फिरतातच."

"मग उठा की!"

"उठतोय. गुडघा माझा आहे, रिले तुमची."

आजोबांच्या गुडघ्यानं आमचं घर जाऊन येऊन पाव तासावर होतं. तोवर सगळ्यांसमोर तिला नुसतं उभं कसं करायचं? मी म्हणाले, "शाल येईपर्यंत तू ती शर्यत सांग."

आधी ती दोनच वाक्यं बोलली. मग मुलीकडे पाहून सांगू लागली. शेवटच्या टप्प्याला बॅटनची दांडी हातात आली तेव्हा त्यांचा संघ पाचवा होता. पुढची पाठमोरी बाई एवढीच दिसत होती. तिला मागं टाकलं, मग दुसरीला, मग तिसरीला. रेषा ओलांडल्यावर पाय इतके थरथरत होते की बूट दुसऱ्या कुणीतरी काढले. मुलगी केव्हा उभी राहिली कुणालाच कळलं नाही.

"मम्मी, तू हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला फोटो हवा होता," ती म्हणाली. "माझ्याकडे फोटो नव्हता."

टाळ्या चालू असतानाच आजोबा धापा टाकत शाल घेऊन आले. टाळ्या आपल्यासाठीच आहेत असं त्यांना क्षणभर वाटलं. त्यांनी हात हलवला, आणि त्या दिवशी शेजारीण पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

मी तिची माफी मागितली. "मी तरी कुठं तोंड उघडलं, आंटी?" ती म्हणाली. पण विचारायचं काम माझं होतं. मी फोटो पाहून यादी केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मुलगी, हातात एक जुना मोजा. त्यातून तिनं पदक काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"ग्रॅनी, मम्मीचा कागद राहिलाय."

मी चष्मा लावला आणि पाचवं मानपत्र लिहायला बसले. ती शेजारी उभी राहून सांगत होती. "तिघींना मागं टाकलं"च्या जागी मी "दोघींना" लिहिलं तर तिनं मला खोडायला लावलं. ते तिला वर्गात वाचायचं होतं. लिहून झालं तेव्हा मी कागद गुंडाळून रबर लावला आणि तिच्या हातात दिला. फाटकापर्यंत ती नीट चालत गेली. तिथून पुढं मात्र गुंडाळी धरलेला हात पुढं ताठ करून पळत सुटली.